सावलीघराचं आवतन

आईच्या मुख्य प्रस्तावावर लाल शिक्का पडला, हे घरात सगळ्यात आधी मला कळलं. आईचा फोन माझ्याकडे होता आणि आई दिवसभर फिरून आलेले पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात घालून बसली होती.

"अव्यवहार्य," मी मोठ्यानं वाचलं. "अपेक्षित वापर नऊ टक्के."

"किती?"

"नऊ."

"नव्वद असेल. नीट बघ."

"आई, मी नववी पास झाले आहे. नऊ आणि नव्वद यातला फरक मला कळतो."

आईनं फोन ओढून घेतला, स्वतः वाचला आणि परत माझ्याकडे दिला. मग घमेल्यातलं पाणी गार झालं तरी ती तशीच बसून राहिली.

माझी आई, प्रणाली वांढरे, सोळा वर्षं आरोग्य खात्यात परिचारिका होती. ही विधानसभेची निवडणूक लढवायला तिनं नोकरी सोडली. आमचा मतदारसंघ नागतळा. तळी, धानाची शेतं आणि मध्येमध्ये गावं. तिनं नोकरी सोडली ती एकाच गोष्टीसाठी, आणि त्याच गोष्टीवर भाकरीएवढा लाल शिक्का पडला होता.

शिक्क्याचं सांगते. गेल्या तीन निवडणुकांपासून नियम असा आहे की उमेदवारानं जाहीरनाम्यात काहीही छापण्याआधी ते 'प्रतिगावात' चालवून घ्यायचं. प्रतिगाव म्हणजे संगणकातला आपलाच मतदारसंघ. ज्यांनी संमती दिली त्यांना शर्टाच्या बटणाएवढी एक चकती महिनाभर लावायला दिली होती. माणूस कधी उठतो, कुठं जातो, काय विकत घेतो, कोणाशी कसा बोलतो, कशानं चिडतो, हे सगळं ती चकती ऐकते आणि शिकते. त्यातून त्या माणसासारखं वागणारा, त्याच्याच आवाजात बोलणारा एक प्रतिमाणूस तयार होतो. ज्यांनी संमती दिली नाही त्यांच्या जागी त्यांच्यासारख्या लोकांवरून केलेले अंदाज उभे करतात. मग त्या गावात उमेदवाराचा प्रस्ताव सोडतात आणि पुढची पाच वर्षं एका दुपारीत पळवून बघतात. एका उमेदवारानं घरटी एक गाय देऊ असं म्हटलं होतं. प्रतिगावात दुसऱ्याच वर्षी चारा संपला आणि गायी तहसील कार्यालयात शिरल्या. तेव्हापासून बाता कमी झाल्या, हे खरं आहे. हिरवा शिक्का मिळाला तर प्रस्ताव अभिमानानं छापा. लाल मिळाला तरी छापता येतो, पण तो शिक्का सोबत छापावा लागतो. असं अजून कोणी केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला बोरकुटे भाऊ आले. ते पक्षाचे तालुक्याचे प्रमुख. त्यांचा आवाज माणसाच्या आधी घरात येतो.

"ताई, झालं ते बरं झालं! मी म्हणूनच राहिलो होतो, ते सावलीघर-बिवलीघर सोडा. घरटी एक कूलर! आपण चालवून बघितलं प्रतिगावात. वापर किती असेल सांगा?"

"किती?" आईनं विचारलं.

"ब्याऐंशी टक्के! हिरवागार शिक्का. फक्त तुमची सही पाहिजे."

"कूलरनं होत नाही भाऊ," मी म्हटलं.

गेल्या वर्षीपर्यंत मी पाहुण्यांना पाणी देऊन आत पळायचे. वक्तृत्व स्पर्धेत जिल्ह्यात पहिली आल्यापासून पळणं बंद झालं आहे. बोरकुटे भाऊंना याची अजून सवय नव्हती.

"का होत नाही वो बाई?"

मी त्यांना पडवीत नेलं. तिथं मी शाळेच्या प्रकल्पासाठी दोन थर्मामीटर टांगले आहेत. एक साधा. दुसऱ्याच्या फुग्यावर बाबांच्या जुन्या बनियनची चिंधी बांधलेली आणि चिंधीचं टोक पाण्याच्या वाटीत.

"कोरडा बघा, एकोणचाळीस. ओला बघा, तीस. ओल्याचं पाणी वाळतं म्हणून तो गार. आपला घाम असाच वाळतो म्हणून आपण जगतो. पण हवेतच पाणी भरलं असेल तर चिंधी वाळणार कशी? मग ओलासुद्धा चढत जातो. तो तिशीच्या पुढे सरकला की धोका सुरू. पस्तीसला पोचला तर सावलीत नुसता बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत संपतो."

"बरं. मग कूलर?"

"कूलर म्हणजे ही चिंधीच ना भाऊ. मोठी चिंधी आणि पंखा. ओल्या उन्हात तो खोलीत अजून पाणीच सोडतो."

ओलं ऊन हा आमच्याकडचाच शब्द. माझ्या आईच्या लहानपणी इथं सत्तेचाळीस तापमान असायचं, पण कोरडं. आता उन्हाळी धानासाठी सगळीकडे पाणी भरलेलं असतं, वर बंगालच्या उपसागरावरची दमट हवा एप्रिलमध्येच येऊन बसते. आकडा बेचाळीसच दिसतो आणि माणसं जास्त पडतात. म्हणून आईचं सावलीघर. अर्धं जमिनीत खणलेलं दालन. हवा आत येण्याआधी जमिनीखाली पुरलेल्या लांब नळ्यांतून येते, कारण पुरुषभर खोलीच्या दुप्पट खाली गेलं की माती उन्हाळ्यातही गारच असते. मग ती हवा मिठाच्या घट्ट पाण्यावरून जाते आणि मीठ तिच्यातला ओलावा पिऊन घेतं. एप्रिल ते जून, दुपारभर, सगळ्यांना खुलं. तंत्रनिकेतनच्या मुलांनी बस स्टँडजवळ एक बांधून दाखवलंसुद्धा आहे. आत गेलं की घाम वाळतो. बस, एवढंच. पण तेवढ्यावर जीव वाचतो.

बोरकुटे भाऊंनी चिंधीला बोट लावून बघितलं. "पोरी, तू म्हणतेस ते खरं असेल. पण लोकांना कूलर समजतो. आणि सावलीघरात ते येणारच नाहीत, हे मी नाही, मशीन म्हणून राहिली."

भाऊ आईकडे वळले. "ताई, बदललेला प्रस्ताव शनिवारपर्यंत द्यायचा आहे. सोमवारी अर्ज मागे घ्यायची मुदत संपते. त्यानंतर आपलं काय ते पक्कं. विचार करा."

आई म्हणाली, "मला बघायचं आहे, लोक का येत नाहीत ते."

"काय बघता त्यात?"

"सोळा वर्षं लोकांना सुया टोचल्या मी. सुईला येतात आणि सावलीला येत नाहीत?"

प्रस्ताव पडताळणी केंद्र जिल्ह्याच्या गावी आहे. आईला संगणकापेक्षा माणसांची सवय, म्हणून मी सोबत गेले. तिथल्या अन्सारी मॅडम बारीक चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, उमेदवाराला आपल्या घरच्या माणसाच्या प्रतिमाणसाशी बोलता येतं, त्या माणसानं तशी संमती दिली असेल तर. बाबांनी दिली होती.

बाबांचं मोटर बांधायचं दुकान आहे. पंपाच्या जळालेल्या मोटरीतलं तांबं काढायचं आणि नवं गुंडाळायचं. पत्र्याचं छप्पर, दुपारी भट्टी. बाबा कमी बोलतात आणि सगळ्याला नाही म्हणतात. नवा शर्ट घ्यायचा का, नको. डॉक्टरकडे जायचं का, नको.

मॅडमनी माझ्या कानात यंत्र बसवलं. पडद्यावर फक्त बाबांचं नाव होतं, पण आवाज आला. हुबेहूब बाबा. मागं दुकानातला पंखासुद्धा.

मी म्हटलं, "बाबा, बाहेर ओलं ऊन आहे. सावलीघरात चला."

"नको. माझं चालते इथं."

पडद्यावर खूण उमटली, 'नाही', आणि यंत्र पुढच्या माणसाकडे सरकायला लागलं.

"अरे, थांबा ना!" मी ओरडले. "मॅडम, हे पुढं का गेलं?"

"उत्तर मिळालं म्हणून."

"हे उत्तर नाही! बाबा पहिल्यांदा नकोच म्हणतात. परत मागं घ्या."

मॅडमनी आईकडे बघितलं. आईनं मान हलवली. यंत्र मागं आलं.

"बाबा, चला ना."

"नाही वो, काम हाये. तू जा."

"असं कसं? मी खास बोलवायला आले. सगळे बसले आहेत तिथं, तुम्हीच राहिलात."

थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला. मग आवाज म्हणाला, "बरं, येतो. तू हो पुढं. हात धुतो."

मी खुर्चीवरून उठून उडीच मारली. अन्सारी मॅडमनी चष्मा काढला आणि परत लावला.

"आमच्याकडे असंच असतं मॅडम," आई सांगायला लागली. बोलता बोलता ती उभी राहिली होती. "लग्नाचं जेवण असलं तर सकाळी आवतन देतात. पण नुसत्या आवतनावर कोणी जात नाही. जेवायच्या वेळेला परत एक माणूस घरोघरी जातो, चला जी जेवायला म्हणून. ते दुसरं बोलावणं आलं नाही तर भुकेला माणूस घरी बसून राहील, पण मांडवात पाय ठेवणार नाही. कोणी दिला तर चहासुद्धा पहिल्यांदा नको म्हणायचा असतो. लगेच हो म्हटलं तर हावरट दिसतं."

"आणि आमचं गाव एकदाच विचारतं," मॅडम हळूच म्हणाल्या.

"माणसं बरोबर बनवली तुम्ही. विचारायला येणारं कोणी बनवलंच नाही."

मॅडमनी सांगितलं की त्या अशा परस्पर काही बदलू शकत नाहीत. पण प्रस्तावातच बोलावणारी माणसं घातली आणि खऱ्या सावलीघरात एक दिवस तसं करून दाखवलं, तर त्या आकड्यावरून प्रतिगाव पुन्हा चालवता येईल. गुरुवारी न बोलावता आणि शुक्रवारी बोलावून किती येतात, ते त्या स्वतः येऊन मोजतील. दोघी त्याची कागदं करायला बाजूच्या खोलीत गेल्या.

मी एकटी राहिले. कानात यंत्र होतं आणि बाबांच्या दुकानातला पंखा फिरत होता. मला इतका आनंद झाला होता की तो कोणालातरी सांगायचाच होता.

"बाबा, आई निवडणुकीला उभी राहिली ते छान झालं ना?"

"झालं ना."

"किती भारी वाटत असेल तुम्हाला!"

"हो वो. वाटते."

मी हसत हसत म्हटलं, "खरं खरं सांगा."

पंखा फिरत राहिला.

"नको होती राहायले," आवाज म्हणाला. "मले नाही पाहिजे होतं."

मी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. बाबांनी संमती दिली होती ती प्रस्तावांसाठी, माझ्या या प्रश्नासाठी नाही. परत येताना बसमध्ये आई खूप बोलत होती. बोलावणाऱ्या बायका बचत गटातल्या घेऊ, त्यांना सरकारनं मानधन द्यायचं, प्रत्येक वस्तीला दोघी. ती इतकी खुशीत होती की मी नुसतं हूं हूं करत राहिले.

त्या दिवसापासून मी बाबांकडे बघत होते. आई सकाळी जीपमधून निघायची तेव्हा ते पाण्याची मोठी बाटली स्वतः भरून द्यायचे आणि जीप वळेपर्यंत दारात उभे राहायचे. मला वाटायचं, मशीन चुकलं असेल. मग वाटायचं, त्याच मशीनच्या सावलीघराच्या उत्तरावर तर मी उड्या मारल्या, हे उत्तर तेवढं चूक कसं?

शुक्रवारी ओला थर्मामीटर सकाळी दहालाच तिशीच्या वर गेला. अन्सारी मॅडम छत्री आणि अंगठ्यानं दाबायचं मोजणीचं यंत्र घेऊन सावलीघराच्या दारात बसल्या. आदल्या दिवशी बोलावणं न करता दार उघडं ठेवलं होतं, तेव्हा दिवसभरात दोन शेळ्या आणि बसची वाट बघणारी चार माणसं आली होती. मॅडमनी शेळ्या मोजल्या नाहीत.

आज बचत गटाच्या शेवंताकाकू, रहीमाकाकू आणि मी अशा तिघी निघालो. आईला मोजणीच्या दिवशी तिथं थांबायची परवानगी नव्हती, म्हणून ती बोरकुटे भाऊंबरोबर पलीकडच्या गावांत प्रचाराला गेली होती.

"चला जी, सावलीघरात चला," रहीमाकाकू पहिल्या दारात म्हणाल्या.

"नको बाई, आमचं बरं आहे."

"बरं कसं? घामानं लुगडं पिळायला आलं तुमचं. चला, शेजारीण पण येऊन राहिली."

"कोण, ताराबाई येऊन राहिली?"

"निघाली पण."

"ती तिथं बसंल आणि मी इथं? थांब, कुलूप लावते."

शेवंताकाकू तर ताराबाईकडे जाऊन हेच उलटं सांगत होत्या. एका म्हाताऱ्या आजोबांनी चारदा नाही म्हटलं आणि पाचव्यांदा काठी घेऊन आमच्याही पुढे चालायला लागले. दुपारी एकपर्यंत आत बसायला जागा कमी पडायला लागली. अन्सारी मॅडम कोणाशी बोलत नव्हत्या, पण त्यांचा मोजायचा अंगठा सारखा चालू होता.

मग मी बाबांच्या दुकानात गेले.

बाबा मोटर बांधत होते. मागं कूलर फुल्ल फिरत होता आणि त्यांचा शर्ट पाठीला चिकटून पारदर्शक झाला होता. हात थरथरत होते. तार सारखी सुटत होती.

"बाबा, सावलीघरात चला."

"नको."

"चला ना बाबा. सगळे आले."

"काम हाये."

"तुमचे हात बघा कसे होऊन राहिले. उठा."

"नको म्हटलं ना युगा!" बाबा कधी ओरडत नाहीत. आज ओरडले. मग हळू आवाजात म्हणाले, "तुझी आई कुठं हाये?"

"जीपमध्ये. प्रचाराला."

"या उन्हात?"

"हो."

"मग मी कायले बसू सावलीत?"

मला आता राहवलं नाही. "तुम्हाला आई उभी राहायला नकोच होती. मला माहीत आहे. केंद्रात तुमच्या प्रतिमाणसानं सांगितलं."

बाबांच्या हातातली तार सुटली आणि सगळं वेटोळं उलगडलं. "त्या डबड्यानं सांगितलं?"

"लगेच नाही. मी परत परत विचारलं तेव्हा."

बाबा उलगडलेल्या तारेकडे बघत राहिले. "तुझ्या आईनं एकदा विचारलं होतं मले. भाजी निवडता निवडता. उभी राहू का म्हणे. मी म्हटलं, राहा. झालं. उठली आणि फोन लावला पक्षात."

मी बाहेर येऊन आईला फोन केला. "आई, बाबा सावलीघरात येत नाहीत. त्यांचे हात थरथरून राहिले. मी तीनदा बोलावलं. आता तू ये."

"मी इथं सभेत आहे बेटा. दहा मिनिटांत माझं भाषण..."

"आई, ये."

जीप आली ती धुरळा उडवत. मागून बोरकुटे भाऊ उतरले आणि "ताई, लोक खोळंबले तिकडं" म्हणत राहिले. आई थेट आत आली. नर्सच ती. आधी बाबांचं मनगट धरलं, मग कपाळाला हात लावला, मग कूलर बंद करून पाण्यात मीठ-साखर ढवळून त्यांच्या हातात दिलं.

"प्या."

बाबा प्यायले. पाणी संपल्यावर ते म्हणाले, "दोन वर्षांमागं तू लसीच्या फेरीवर पडली होती. तलाठ्याच्या गाडीत घालून आणलं तुले. तोंडाला फेस होता. मी आणलं. तुले आठवत नसंल, तू शुद्धीत कुठं होती?"

आईनं रिकामा पेला त्यांच्या हातातून घेतला.

"त्याच्याचसाठी तू हे सावलीघर काढलं, मले माहीत हाये. चांगलं हाये. पण लोकांना सावलीत बसवते आणि स्वतः भर दुपारी उघड्या जीपमध्ये. निवडणूक काय उन्हाळ्यातच येते दरवेळी."

"मला का नाही सांगितलं तुम्ही?"

"तू परत विचारलं कुठं मग?"

आईनं पदरानं तोंड पुसलं. दुकानाच्या दारात बोरकुटे भाऊ घड्याळ बघत उभे होते. आई बाकड्यावर बाबांच्या शेजारी बसली.

"सोमवारी अर्ज मागे घ्यायची मुदत आहे. घेऊ मागे?"

"नको."

"नीट सांगा. घेऊ?"

"नको म्हणलं ना."

"मी परत विचारून राहिले. तुम्हाला नको असेल तर मी घरी बसते. मनात ठेवणार नाही."

बाबा बराच वेळ तांब्याची तार बोटाला गुंडाळत होते. शेवटी ते म्हणाले, "नको घेऊ मागं. राहा उभी. पण दुपारची फिरू नको. अकरानंतर जीपमध्ये पाय ठेवायचा नाही, ऊन उतरेपर्यंत."

"ठीक," आई म्हणाली.

"काय ठीक!" बोरकुटे भाऊ आत आले. "ताई, दुपार सोडली तर तळ्यापलीकडची सगळी गावं हातची जातात! तिकडं समोरचा उमेदवार टोपी घालून ट्रॅक्टरवर उभा आहे. लोक म्हणतील, ही उन्हाला भ्यायली."

"भ्यायलीच आहे मी उन्हाला," आई म्हणाली. "जाहीरनाम्यात तेच लिहिलं आहे."

"मतं जातील."

"जातील."

"पडाल तुम्ही."

"पडले तर पडले भाऊ. जीपमध्ये पडण्यापेक्षा मतपेटीत पडणं बरं."

मी बाबांचा हात धरून त्यांना उठवलं आणि आम्ही तिघं सावलीघरापर्यंत चालत गेलो. दारात अन्सारी मॅडमनी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अंगठ्यानं एक दाबलं. आईला त्यांनी नियमाप्रमाणे बाहेरच थांबवलं. रहीमाकाकूंनी तिच्या डोक्यावर छत्री धरली.

मॅडमनी आकडे नेले आणि 'बोलावणारी' हे नवं माणूस घालून प्रतिगाव पुन्हा चालवलं. शनिवारी निकाल आला. वापर एकाहत्तर टक्के. मृत्यू पाच वर्षांत निम्म्याखाली. हिरवा शिक्का. बाकीच्या मतदारसंघांत किती प्रस्ताव असेच एका नकोवर मेले असतील, हे आता त्यांचं मंडळ शोधणार आहे, असं मॅडमनी आईला फोनवर सांगितलं. कूलरचा प्रस्तावही पुन्हा तपासतील, कारण लोक कूलर चालू करतात एवढंच गावानं मोजलं होतं, त्यानं कोण वाचतं हे नाही. मी तिथंच होते. मी त्यांना विचारलं की प्रतिमाणसाला घरचे प्रश्न विचारता येऊ नयेत, अशी काही सोय आहे का? त्या म्हणाल्या, "का? कोणी विचारला?" मी म्हटलं, "मी." त्या म्हणाल्या, "करायला पाहिजे सोय." आणि ती बहुतेक करतील.

सोमवार आला आणि गेला. अर्ज तसाच राहिला.

मंगळवारी आई सकाळी सहाला निघून साडेदहाला परत आली आणि सरळ सावलीघरात जाऊन बसली. मतदारसंघ तिथंच आल्यासारखा होता. एक बाई रेशनचं विचारत होती, कोणी रस्त्याचं. बाबा कोपऱ्यात एक छोटी मोटर मांडीवर घेऊन बांधत बसले होते. दुकानातलं काम तिथं आणायला त्यांनी स्वतःच सुरुवात केली.

बाराच्या सुमाराला बोरकुटे भाऊ आले आणि बाहेर उभ्या जीपचा हॉर्न स्वतःच वाजवायला लागले. एकदा, दोनदा, मग लांबलचक. शेवटी घामानं निथळत ते दारात उभे राहिले.

"ताई, शेवटचं सांगून राहिलो. तळ्यापलीकडं दोनशे माणूस जमलं आहे. तासाभरात आणून सोडतो तुम्हाला. प्रफुल भाऊ, तुम्ही तरी सांगा!"

बाबांनी मोटरीतून मान वर केली नाही.

"त्या लोकांना पण सावलीत जायला सांगा भाऊ," आई म्हणाली. "आणि मी संध्याकाळी येते म्हणून सांगा."

"संध्याकाळपर्यंत कोण थांबते? ते ट्रॅक्टरच्या मागं जातील!"

"मग जातील."

भाऊंनी दोन्ही हात कपाळाला लावले आणि ते जीपकडे वळले. जीप अजून रिकामीच होती. चावी लटकत होती. "अरे शालिक! कुठं मेला हा? शालिक!"

आत भिंतीकडे तोंड करून त्यांचा ड्रायव्हर शालिक झोपला होता. चपला उशाला, तोंड उघडं. शेवंताकाकू म्हणाल्या, त्याला केव्हाच बोलावून आणलं, एकदाच म्हटलं तर आला बिचारा.

बोरकुटे भाऊ उन्हात उभे राहून जीपकडे बघत होते. जीपवर आईचा मोठा फोटो होता, हात जोडलेला. त्याच्यावरून उन्हाच्या वाफा निघत होत्या.

मी दारात गेले. "भाऊ, आत या."

"नको," ते म्हणाले.

"या ना भाऊ. ओला बत्तीसला आला आहे."

खिशातून रुमाल काढून त्यांनी मान पुसली, रुमाल पिळला, आणि उंबऱ्याशी बसून बुटाची नाडी सोडायला लागले.